शनिवारची फेरी

महिन्याचा पहिला रविवार जवळ आला, की आदल्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीतल्या ख्रिस्ती घरांची दारं आतून लागायची. चोरांच्या भीतीनं नव्हे. पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी असतो, आणि त्याच्या आदल्या शनिवारी आमच्या मंडळीतले इन्स्पेक्टर सायकलवरून फेरीला निघत. पँटीला क्लिपा, अंगात बारमाही खाकी कोट, हँडलला कापडी पिशवी. सायकल भिंतीला टेकवायचे, कडी वाजवायचे आणि आत न येता उंबऱ्याबाहेरूनच विचारायचे, "सलाम. तुमच्या मनात माझ्याविषयी काय हाय काय?"

आपण एकमेकांना 'काय, बरंय ना?' विचारतो, तसं हे नव्हतं. यांना खरंच उत्तर हवं असायचं. आतून कुणी "न्हाय हो, तुमच्याविषयी काय असणार?" म्हटलं, की ते मान तिरकी करून चेहरा निरखायचे. "नक्की?" "नक्की." "मग येतो." की चालले पुढच्या दाराला. आमच्या शेजारच्या मावशी एकदा वैतागून म्हणाल्या, "मनात काय न्हवतं ओ, पण तुम्ही इचारून इचारून आता यायला लागलंय." हे त्यांनी इतकं मनावर घेतलं, की त्या महिन्यात मावशींच्या दारात दोनदा आले.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्यांचा जन्म गेला. काम मालाच्या तपासणीचं, म्हणून सगळे त्यांना इन्स्पेक्टर म्हणत. गल्लीत नवा आलेला भाडेकरू पहिले आठ दिवस त्यांना पोलिसातले समजून फार अदबीनं वागायचा, आणि खरं कळलं की त्या अदबीची सव्याज भरपाई करून घ्यायचा. त्यांच्या कोटाच्या खिशात बोटाएवढं पोलादी गेज असायचं. त्याचं एक टोक मालाच्या भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं टोक जाता कामा नये. दोन्ही जमलं तर माल पास, नाहीतर लाल खडूची फुली. कारखान्याच्या मालकाचा मेहुणा त्यांच्यापुढं हात जोडून उभा राहिला, तरी फुली म्हणजे फुली.

पवित्र शास्त्राकडंही ते असंच बघायचे. पाळकसाहेब व्यासपीठावरून प्रीती, दया, कृपा असं छान सांगत असायचे, मंडळी माना डोलवायची, आणि हे बाहेर आल्यावर चपला घालता घालता म्हणायचे, "बोलले चांगलं. पण आपल्यात बसतंय का, ते कुणी घालूनच बघितलं न्हाय." शास्त्रातलं प्रत्येक वाक्य त्यांना घालून बघायचं असायचं. मंडईत भाजीवाली सवयीनं चार मिरच्या आणि कोथिंबिरीची काडी वर टाकायची, तर हे ती काढून परत ठेवायचे. "मी मागितली न्हाय, तू तोलली न्हाईस. मग ही कुणाची?" भाजीवाली म्हणायची, "घ्या की ओ, मेली कोथमीर!" त्यावर त्यांचं अर्धा तास प्रवचन. मागं गिऱ्हाइकांची रांग. प्रभुभोजनाच्या भाकरीचे तुकडे त्यांच्या घरी कापले जात, तेही पट्टीनं मापून. त्यांच्या बायकोला, आम्ही त्यांना मामी म्हणायचो, त्यांना कुणी विचारलं, एवढं कशाला? तर मामी म्हणायच्या, "देवाच्या ताटात ल्हान-मोठं चालत न्हाय म्हणं. घरात मातुर मोठा तुकडा ह्यांस्नीच लागतो."

शनिवारच्या फेरीचं मूळही शास्त्रातच होतं. डोंगरावरच्या प्रवचनात येशू सांगतो, की अर्पण घेऊन तू वेदीपाशी आलास, आणि तिथं तुला आठवलं की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. हे आम्ही सगळ्यांनी रविवारच्या शब्बाथ शाळेत पाठ केलेलं. पाठ केलं की झालं, असंच आम्हाला वाटायचं. यांना मात्र ते कामाची ऑर्डर असल्यासारखं वाटलं. भावाच्या मनात काय आहे ते आपल्याला कसं कळणार? तर जाऊन विचारायचं. आणि भाऊ म्हणजे कोण? उद्यमनगरात एका मुसलमान चाचांचं वेल्डिंगचं दुकान होतं. फाटकाच्या बिजागरीवरून यांनी त्यांच्यावर एकदा तोंडसुख घेतलं, आणि शनिवारी त्यांच्या दारात हजर. चाचा म्हणाले, "पावणं, मी तर कवाच इसरलो की." हे म्हणाले, "तुम्ही इसरला. मी न्हाय." तेव्हापासून चाचा पहिल्या शनिवारी चहा सांगून ठेवायचे. म्हणायचे, "आमच्यात गळाभेट ईदला असती, ह्यांच्यात दर म्हैन्याला!"

आणखी एक सांगायला हवं. त्यांचा आवाज. कारखान्यातल्या प्रेस मशिनच्या धडधडाटात वर्षानुवर्षं काढून त्यांचे कान गेले होते, आणि कान गेल्याचा त्यांना पत्ता नव्हता. "जरा कानात सांगतो" म्हणून जवळ यायचे, आणि पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठायची. मामी हातानं खूण करायच्या, हळू, हळू. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "हळूच बोलतोय की!" या उत्तरावर आमची अख्खी मंडळी पोट धरधरून हसली आहे. मीही हसले आहे.

आता माझ्यावर येते. मी एका सरकारी कचेरीत खिडकीवर बसते. तिथं बसून माणसाचं जे होतं ते माझं झालेलं आहे. 'उद्या या' हे दोन शब्द मी बापाच्या वयाच्या माणसांनासुद्धा मान वर न करता सांगितले आहेत. माझा स्वभाव मुळातच गोड नाही. तो आण्णांकडून आला. आण्णा म्हणजे माझे वडील.

आण्णांचं आणि गडहिंग्लजच्या काकांचं भांडण झालं ते शास्त्रावरून, म्हणजे आजीच्या शास्त्राच्या पुस्तकावरून. जाडजूड, काळ्या पुठ्ठ्याचं. त्याच्या सुरुवातीच्या कोऱ्या पानांवर पणजोबांपासून घरातला प्रत्येक जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मरण लिहिलेलं. शाई बदललेली, हात बदललेला, घर तेच. आजी शेवटची चौदा वर्षं काकांकडं होती. ती गेली तेव्हा आण्णा मातीला गेले, आणि तिसऱ्या दिवशी ते पुस्तक पिशवीत घालून एसटीत बसले. काका स्टँडवर धावत आले. "आईनं मला द्यायचं म्हटलंतं." आण्णा खिडकीतून म्हणाले, "थोरला मी हाय." गाडी सुटली. दोन भावांचं बोलणं तिथं संपलं ते संपलंच. ज्या पुस्तकात भावाशी समेट करायला सांगितलंय, त्याच पुस्तकासाठी. आमच्या घरात हे कुणाच्या लक्षात आलं नाही. इन्स्पेक्टरांच्या आलं.

ते तेव्हा मंडळीच्या पंचांपैकी एक होते. आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला पंच ताटं घेऊन बाकांमधून फिरतात, आणि माणसं जागेवर बसून भाकरीचा तुकडा घेतात. त्या रविवारी आमच्या बाकाला ताट घेऊन इन्स्पेक्टर आले. आईनं तुकडा घेतला, मी घेतला. आण्णांनी हात पुढं केला, आणि ताट मागं सरकलं. इन्स्पेक्टर आण्णांच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "आदी गडहिंग्लजला जाऊन या. भावाचं पुस्तक देऊन या. मग घ्या."

अख्ख्या चर्चनं ऐकलं. पेटीवाल्यानं पेटी थांबवली. पुढच्या बाकांवरच्या बायका वळून बघायला लागल्या. आण्णांचा हात तसाच पुढं होता, बोटं उघडी. मग त्यांनी तो खाली घेतला, रुमालानं पुसला, काही नसताना, आणि उठून बाहेर गेले. मी माझ्या हातातला तुकडा तोंडात घातला होता. तो मी गिळला, हे मला आजही आठवतं.

आण्णा पुन्हा चर्चला आले नाहीत. पण दर रविवारी सकाळी दाढी व्हायची, आंघोळ व्हायची, राखाडी सफारी अंगावर चढायची, पायात बूट. आणि मग ते पुढच्या खोलीतल्या खुर्चीत बसायचे. घंटा वाजायची, आम्ही जायचो. उपासना सुटून परत यायचो तेव्हा ते तसेच बसलेले असायचे. आम्ही आलो की उठून कपडे बदलायचे. आई एकदा म्हणाली, "जाऊन या की मग." आण्णा म्हणाले, "कुठं?" गडहिंग्लजला का चर्चला, हे आईनंही पुढं विचारलं नाही.

इन्स्पेक्टर शनिवारी यायचेच. "आण्णा, मनात काय हाय काय माझ्याविषयी?" आण्णा म्हणायचे, "न्हाय." "नक्की?" "नक्की." आणि इन्स्पेक्टर समाधानानं पुढच्या दाराला. मला वाटायचं, सायकलसकट या माणसाला गटारात ढकलावं. दीड वर्षानं एका सकाळी आण्णा खुर्चीतच गेले. वार रविवार नव्हता, पण दाढी झालेली होती.

मातीच्या दिवशी पाळकांची प्रार्थना झाली आणि माणसं एकेक करून मूठभर माती टाकायला लागली. इन्स्पेक्टर पुढं आले. त्यांनी वाकून मूठ भरली, आणि मी त्यांचं मनगट धरलं. "तुमची माती नको." चार माणसं मधे पडली, "अगं पोरी, अगं, असं करू नये." मी सोडलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मूठ उलटी करून माती होती तिथं टाकली, हात झटकला आणि मागं जाऊन उभे राहिले. त्यांनी माझ्या बापाला भाकरी दिली नव्हती. मी त्यांना माती देऊ दिली नाही. फिटलं, असं मला त्या वेळी वाटलं होतं.

पुढचा पहिला शनिवार. कडी वाजली. मी दार उघडलं.

"सलाम. तुझ्या मनात माझ्याविषयी काय हाय काय?"

"आहे."

इतक्या वर्षांच्या फेऱ्यांत बहुधा हे उत्तर त्यांना पहिल्यांदाच मिळालं असावं. ते चमकले. मग एक पाऊल पुढं आले. "काय हाय?"

"सांगणार नाही."

"सांगितल्याबिगर कसं कळंल? तुझ्या बापाचंच हाय न्हवं? पण मी शास्त्राबाहेर काय केलं, ते तरी सांग."

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. भर चर्चमध्ये माणसाची अब्रू काढायची आणि वर विचारायचं, शास्त्राबाहेर काय केलं! मला वाटलं, याला सगळं माहीत आहे. माझ्या तोंडून वदवून घ्यायचंय, म्हणजे मग त्यावर शास्त्रातलं उत्तर तयार. ती संधी मी त्यांना देणार नव्हते. खिडकीवरच्या आवाजात म्हणाले, "पुढच्या महिन्यात या."

आले. पुढच्या महिन्यात आले, त्याच्या पुढच्या महिन्यात आले. आणि त्या पहिल्या शनिवारनंतरच्या रविवारी, चर्चमध्ये सगळ्यांनी बघितलं, की इन्स्पेक्टरांनी ताट हातात घेतलं नाही. ते शेवटच्या बाकावर जाऊन बसले. ताट त्यांच्यापर्यंत आलं तेव्हा त्यांनी ते शेजारच्याला दिलं. पाळकांनी नंतर विचारलं, तर म्हणाले, "एक दार राहिलंय."

अकरा वर्षं. तेवढी वर्षं तो माणूस प्रभुभोजनाला शिवला नाही. ज्याच्या घरी भाकरीचे तुकडे पट्टीनं कापले जात होते, त्यानं त्यातला एक खाल्ला नाही. नाताळला नाही, पुनरुत्थानाच्या सणाला नाही. पाळक बदलले, नवे आले, त्यांनी समजावलं. एका पाळकांनी मला घरी येऊन समजावलं. मी चहा दिला आणि ऐकून घेतलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं. पहिल्या रविवारी मी ताटातला तुकडा उचलायचे आणि मान वळवून शेवटच्या बाकाकडं बघायचे, मग तोंडात घालायचे. जे वचन त्यांना लागू होतं ते मलाही होतं. पण ते मी स्वतःला कधी घालून बघितलं नाही.

कोरोनाच्या वर्षी सगळं बंद. चर्चला कुलूप, उपासना मोबाइलवर. मला वाटलं, आता तरी शनिवार चुकेल. तर त्यांना नाक्यावर हवालदारानं अडवलं. कुठं निघाला, म्हणून विचारलं, तर म्हणाले, "एका बाईचं आणि माझं वाकडं हाय, ते सरळ करायला." हवालदारानं सायकलसकट माघारी फिरवलं. दुपारी माझा फोन वाजला. "दारातनं न्हाय जमलं. फोनवरनं इचारतो." मी फोन कानापासून हातभर लांब धरला, तरी स्वयंपाकघरातून आईनं विचारलं, "इन्स्पेक्टर का गं?" मी म्हणाले, "आहे," आणि फोन ठेवला.

मग त्यांची फेरी आखडत गेली. सायकल गेली, काठी आली. गल्लीतल्या सगळ्या दारांना जाणं होईना, तेव्हा ते फक्त माझ्याच दाराला यायला लागले. एकदा पायरीवर बसले आणि धाप लागल्यामुळं प्रश्न विचारायला त्यांना वेळ लागला. मी दारात उभी होते. पाणी देऊ का, असं मी विचारलं नाही. त्या वर्षी दिवाळीनंतर ते यायचे थांबले.

एके दिवशी मी कचेरीत खिडकीवर होते. रांगेत कोण आहे ते मी कधी बघत नाही. पुढचा माणूस खिडकीशी आला, कागद काही पुढं केला नाही. मी मान वर केली तर आमचे पाळकसाहेब. रांगेत नंबर लावून आलेले. म्हणाले, "बाई, उद्या या म्हणू नका. उद्या ते असतील असं डॉक्टर म्हणत नाहीत."

अर्धी रजा टाकून मी इन्स्पेक्टरांच्या घरी गेले. दुपारचे तीन वाजले असतील. खोलीत पलंगावर इन्स्पेक्टर उशांना टेकवून ठेवलेले, फुप्फुसात पाणी झालेलं. मामी पायाशी. खुर्चीवर पाळकांची छोटी पेटी, तिच्यात भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा लहानसा पेला. आजारी माणसाला घरी प्रभुभोजन देतात, त्यासाठीची. दोन दिवस ती तशीच परत जात होती.

"आलीस?" ते म्हणाले. त्यांचा आवाज खरोखरच हळू झालेला मी पहिल्यांदा ऐकला. "तुझ्या मनात माझ्याविषयी काय हाय काय?"

"काही नाही," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी मान तिरकी करून माझा चेहरा निरखला. मग मान हलवली. "लबाड बोलू नको. सगळ्या गल्लीत तू एकटीच माझ्याशी खरं बोलत हुतीस. आता शेवटाला नको."

आणि माझा बांध फुटला. पाळक बघतायत, मामी बघतायत, कशाचं भान राहिलं नाही. मी म्हणाले, "तुम्ही सगळ्यांसमोर बोललात! आण्णा चुकले होते, मला मान्य आहे. पुस्तक द्यायला हवं होतं, मान्य आहे. पण तुम्ही त्यांना भर चर्चमध्ये, सगळ्यांसमोर..."

"सगळ्यांसमोर?" ते म्हणाले. "मी तर कानात सांगितलं."

"कानात? फाटकाबाहेरच्या रिक्षावाल्यांनी ऐकलं, मामा!"

"न्हाय, न्हाय." ते उठून बसायला बघत होते. "शास्त्रातच हाय. भाऊ चुकला तर त्याला एकट्याला गाठून सांग, चारचौघांत न्हाय. म्हणून तर मी वाकून कानात..." ते थांबले. मामींकडं वळले. "तुला ऐकू गेलं हुतं?"

मामी चर्चमध्ये दुसऱ्या बाजूच्या बाकावर, पार भिंतीशी बसायच्या. त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, "व्हय."

"सगळ्यांस्नी?"

"सगळ्यांस्नी."

"मग कुणी सांगितलं का न्हाय मला?"

"सांगितलं असतं तर काय म्हणला असतासा?" मामी म्हणाल्या. "हळूच बोललो की, म्हणला असतासा."

कुणी हसलं नाही. त्यांची नजर छताकडं गेली. त्यांच्या मनात एकेक शनिवार उलटा जात असावा. सगळ्या दारांत सगळ्यांनी दिलेलं 'न्हाय हो, काय नाही'. आण्णांचंसुद्धा. मग त्यांनी विचारलं, "त्यो काय म्हणाला मागनं? तुझा बाप?"

खरं सांगायला सुरुवात केलीच होती. मी सांगितलं. दाढी, आंघोळ, सफारी, खुर्ची. चर्च सुटेपर्यंत बूट घालून बसलेला माणूस. हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडं उतरलं आणि मामींनी ते पदरानं टिपलं.

माझ्यातलं काहीतरी त्या वेळी सुटलं. अकरा वर्षं ज्याला मी लबाड, ढोंगी समजत होते तो माणूस दर महिन्याला खरोखरच विचारत होता. त्याला खरोखरच माहीत नव्हतं. मी पलंगाशी बसले आणि म्हणाले, "मामा, मी क्षमा केली. मनापासून. आता घ्या." हे मात्र लबाड नव्हतं, आणि त्यांना ते कळलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

पाळकांनी घाईनं पेटी उघडली, तुकडा हातात घेतला. इन्स्पेक्टरांनी तो हात मनगटाला धरून थांबवला. जसा मी त्यांचा धरला होता.

"हिचं झालं," ते म्हणाले. "पर ज्याच्या म्होरनं ताट वढलं, ती ही न्हवं. ते ठेवा, पाळकसाहेब. आदी त्याच्याकडं जाऊन येतो."

"अहो, ते आता... तुम्ही कुठं जाणार?" पाळक म्हणाले. आणि म्हटल्यावर त्यांना कळलं. मग त्यांनी फार चांगलं सांगितलं. कृपेला माप नसतं, प्रभू कुणाला पट्टी लावत नाही, पश्चात्ताप झाला तिथंच समेट झाला. मनापासून सांगितलं. मी मनात म्हणत होते, ऐका, एकदा तरी ऐका.

"बोलला चांगलं," इन्स्पेक्टर म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड केलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. पेटीतला तुकडा पेटीतच. मला त्यांचा राग आला, तो अजून येतो. एवढा हट्ट! मरतानासुद्धा मला सुटू दिलं नाही. पण रागाच्या तळाशी बघितलं की तिथं ते सापडत नाहीत, मीच सापडते. त्यांच्या मातीला मी गेले. वाकून मूठ भरली आणि टाकली. माझा हात कुणी धरला नाही.

पुढच्या पहिल्या शनिवारी कडी वाजली नाही. मी कपाटातून आजीचं शास्त्र काढलं, पिशवीत घातलं आणि गडहिंग्लजची गाडी धरली. काका आता थकले आहेत. दारातच खुर्ची टाकून बसले होते. मला ओळखायला त्यांना वेळ लागला. मी उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, "काका, तुमच्या मनात आमच्याविषयी काही आहे का?"

मी पिशवीतलं पुस्तक पुढं केलं. त्यांनी ते मांडीवर घेतलं, कोरी पानं उघडली. कोरी कुठली? आण्णांनी आणि आण्णांच्या मागं मी, आमच्या घरातलं सगळं लिहून ठेवलं होतं. माझ्या भावाचं लग्न, त्याची मुलं, त्यांचे बाप्तिस्मे, आण्णांचं मरण. निळ्या बॉलपेनानं, पान संपेपर्यंत. काकांनी बोट खालपर्यंत नेलं आणि पुन्हा वर आणलं.

"हाय," ते म्हणाले. "हाय की मनात. तुझ्या आज्जीचं हागणं-मुतणं चौदा वर्सं माझ्या बायकूनं काढलं. ती मेली. कळवलं हुतं, आलासा काय? तिचं नाव कुठं हाय ह्यात? माझ्या पोरांची लग्नं कुठं हाईत? नातवंडं कुठं हाईत? आता लिवायला जागा तरी ठेवलीसा काय?"

काका तासभर बोलले. शेजारची माणसं दारात येऊन उभी राहिली. मी एकदाही 'जरा हळू' म्हटलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि उभीच राहिले. शेवटी ते दमले आणि म्हणाले, "बस. आत ये. पाणी पी." मी आत गेले आणि पाणी प्यायले.

काकांना तासभर लागला. मला तर फक्त तीन शब्द बोलायचे होते. तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. आण्णा होते तेव्हाच्या एखाद्या शनिवारी दारात बोलले असते, तर आण्णांकडं जायला इन्स्पेक्टरांना फक्त उंबरा ओलांडावा लागला असता.